बाय अँड लार्ज पसंत

अकोल्याहून शिरसाटसाहेबांचा निरोप आला तेव्हा जीवनराव तायडे अंगणातल्या नळाची तोटी बदलत होते. हात चिखलाचे होते, म्हणून फोन वाचायचं काम त्यांनी बायकोवर सोपवलं. ललिताबाईंनी चष्मा शोधला, निरोप वाचला, पुन्हा वाचला आणि फोन नवऱ्याच्या चिखलाच्या हातातच देत म्हणाल्या, "तुमीच पाहा बावा. आजूबाजूचं समजलं, मधलं नाही समजलं."

निरोप एका ओळीचा होता. "मुलगी बाय अँड लार्ज पसंत. कळावे."

मुलगी म्हणजे माधवी, हे उघड होतं. 'पसंत' हा शब्द ऐकायला तर तायडे कुटुंब दोन वर्षं टपून बसलं होतं. याआधीची दोन स्थळं "कळवतो" म्हणून चिवडा खाऊन गेली, ती अजून कळवतच आहेत. 'कळावे' हा शब्द सगळ्याच पत्रांत असतो आणि त्याने आजवर कोणाला काही कळल्याचं ऐकिवात नाही. अडचण होती ती मधल्या तीन शब्दांची. ते इंग्रजी होते, पण मराठी अक्षरांत लिहिले होते, त्यामुळे ते आपल्याला समजायलाच हवेत असं वाटत होतं आणि समजत तर नव्हते.

हे स्थळ जीवनरावांना फार आवडलं होतं. मुलगा सुगत अकोल्याजवळ बार्शीटाकळीला एका बँकेत होता, दिसायला बरा होता आणि मुख्य म्हणजे समोरच्याचं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेत होता, जे जीवनरावांच्या वाट्याला सहसा येत नसे. वडील, म्हणजे शिरसाटसाहेब, सरकारी खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त झालेले. आणि सगळ्यात मोठी गोष्ट अशी, की माधवी, जी आधीच्या दोन स्थळांबद्दल एका शब्दाने बोलली नव्हती, ती रविवारी ही मंडळी पाहून गेल्यानंतर दोनदा आईला म्हणाली होती, "अकोल्याचं काही आलं काय?" ललिताबाईंनी ही बातमी नवऱ्याच्या कानावर घातली आणि तेव्हापासून जीवनरावांना नीट जेवण जात नव्हतं. एवढ्यासाठी तर ते दिवसभर तोट्या बदलत बसत.

आता कोणीही म्हणेल, घरात एमएस्सी झालेली मुलगी आहे, लॅबमध्ये दिवसभर इंग्रजीत रिपोर्ट लिहिते, तिला विचारायचं. पण ज्या मुलीच्या पसंतीचा निरोप, तो तिलाच वाचायला देऊन "बाई, तू यांना कितपत आवडली ते सांग" असं विचारणं तायडे घराण्यात बसत नव्हतं. थोडक्यात, घरात इंग्रजी येणारं एकच माणूस होतं आणि नेमकं त्यालाच विचारायची सोय नव्हती.

जीवनराव वलगावच्या शाळेत गणिताचे शिक्षक होते. गणिताच्या मास्तरांना एक खोड असते. प्रश्न विचारायचा, वर्गाकडे बघून "सांगा" म्हणायचं आणि कोणी तोंड उघडायच्या आत उत्तर आपणच देऊन मोकळं व्हायचं. अभ्यासक्रम वेळेत संपवायला दुसरा उपाय नसतो. तेव्हा हा प्रश्नही त्यांनी आधी स्वतःच सोडवून पाहिला. 'बाय' म्हणजे येतो, टाटा. 'लार्ज' म्हणजे मोठा. मुलगी मोठा टाटा पसंत. हे उत्तर काही जुळेना.

कुंपणाच्या पलीकडून आशाबाई हे सगळं ऐकत होत्या. अमरावतीच्या कठोरा रोडवरच्या त्या कॉलनीत कुंपणं कमरेएवढीच आहेत आणि ती जागेची हद्द दाखवण्यापुरती असतात, बोलण्याची नाही. आशाबाई मूळच्या वलगावकडच्या शेतकरी घरातल्या आणि सल्ल्याच्या बाबतीत हाताच्या सढळ.

"काय झालं व ललिताबाई, तोंड काहून उतरलं?" त्यांनी विचारलं.

"काही नाही जी," जीवनराव म्हणाले. "अकोल्याचा निरोप आला. पसंत म्हन्तात, पन मधात बाय अँड लार्ज लिवलं."

आशाबाईंनी तो शब्द एकदा तोंडात घोळवला आणि त्यांचा चेहरा पडला. "सर, राग नोका मानू. आमच्या गावात पोरीले बायच म्हन्तात. माय-बाय. अन् लार्ज म्हंजे त तुमाले ठाऊकच हाये."

"म्हंजे?"

"बाय लार्ज हाये म्हन्तात ते. पसंत हाये, पन अंगानं जरा लार्ज."

ललिताबाई आत गेल्या. माधवी काही लठ्ठ नव्हती. पण आईच्या मनात एकदा शंका शिरली की तिला पुरावा लागतोच. त्यांनी माधवीचा दोरीवरचा कुर्ता ओढला आणि मानेजवळची पट्टी पाहिली. पट्टीवर इंग्रजी एल होता. तो कुर्ता घेऊन त्या बाहेर आल्या आणि त्यांनी तो कोर्टात दाखवावा तसा कुंपणावर टाकला. आशाबाईंनी मान हलवली. पुढं बोलण्यासारखं काही राहिलं नव्हतं.

त्या दिवसापासून तायडे घरात तेलाची बाटली वरच्या फळीवर गेली. पोळीच्या जागी ज्वारीची भाकर आली, वरणावरची फोडणी गेली आणि संध्याकाळी उकडलेली गवार येऊ लागली. दोन स्वयंपाक कोण करणार, म्हणून जीवनरावांनाही तेच मिळू लागलं. आठवड्यात माधवी होती तशीच राहिली आणि जीवनरावांच्या पँटचा पट्टा एक भोक आत गेला. "आई, घरात कोनाले शुगर निंगाली काय?" माधवीने विचारलं. ललिताबाईंच्या ऐवजी जीवनराव म्हणाले, "नाही बेटा, हवा बदलली." यावर माधवीने त्यांच्याकडे जरा वेळ पाहिलं आणि गवार खाल्ली.

आशाबाईंचे यजमान किसनराव यांना बायकोचा अर्थ मान्य नव्हता. बायकोचं म्हणणं मान्य करायची त्यांची पद्धतच नव्हती. "अवं, शिकलेले लोक हायेत ते. पोरीले जाडी म्हनतीन काय तोंडावर?" असं म्हणून त्यांनी खिशातून मोबाइल काढला. भाषांतराचं यंत्र त्यात होतं. सोयाबीनच्या औषधाच्या बाटलीवरचं ते त्यावरच वाचत. एकदा त्यांनी त्याच्या सांगण्यावरून तणनाशकाच्या जागी भलतंच काहीतरी फवारलं होतं, पण त्याचा दोष ते बाटलीला देत. जीवनरावांनी तीन शब्द सावकाश टाइप केले. यंत्राने क्षणभर विचार केला आणि उत्तर दिलं, 'मोठ्या प्रमाणावर'.

"आता बोला," किसनराव म्हणाले. "मुलगी मोठ्या प्रमाणावर पसंत. काय गवार खाता सर? जिलेबी मांगवा."

जीवनरावांचा जीव भांड्यात पडला, पण किसनराव माणसाचा जीव फार वेळ भांड्यात राहू देत नाहीत. ते लगेच म्हणाले, "पन याच्यात एक इशारा हाये. मोठ्या प्रमाणावर म्हंजे त्याईले लगन मोठ्या प्रमाणावर पायजे. साहेब मानूस हाये, उघड कसं म्हनन?"

तायडेंचा विचार असा होता, की विहारात साध्या पद्धतीने लग्न लावायचं, चार माणसांना जेवू घालायचं आणि आपल्याला कोणी बोलायला जागा ठेवायची नाही. सुगतच्या वडिलांनाही रविवारी त्यांनी तेच सांगितलं होतं आणि साहेबांनी मान डोलावली होती. आता त्या मान डोलावण्याचा अर्थही नव्याने लावणं आलं. किसनराव म्हणाले, "पाहून त ठेवू. पाहाले काय लागते?" आणि जीवनरावांना मोटारसायकलवर बसवून मोझरीच्या रस्त्यावरच्या एका लॉनवर घेऊन गेले.

लॉनचा मॅनेजर स्वप्निल नावाचा गडी होता, अंगात पांढरा शर्ट आणि बोलण्यात मध. त्याने विचारलं, "पानं किती धरू काका?"

"अजून ठरलं नाही," जीवनराव म्हणाले. "फक्त पसंती आली हाये."

"मोठ्या प्रमाणावर," किसनरावांनी पुस्ती जोडली.

स्वप्निलने मुला-मुलीचं नाव विचारलं, ते जीवनरावांनी सांगितलं, कारण विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर न देणं त्यांना जमत नसे. कोणी तिसऱ्याला विचारलेल्या प्रश्नाचंही जमत नसे. मग दोघांना थंड पाणी मिळालं, व्यासपीठ दाखवण्यात आलं, कारंजं सुरू करून बंद करून दाखवण्यात आलं आणि काहीही न ठरवता ते परत आले. म्हणजे असं त्यांना वाटलं.

दुसऱ्या दिवशी स्वप्निलच्या फोनच्या स्टेटसवर, फुलांच्या कमानीखाली, सोनेरी अक्षरांत झळकलं: 'तायडे–शिरसाट शुभविवाह. भव्यदिव्य सोहळा. तारीख लवकरच.' स्वप्निलचा एक मावसभाऊ अकोल्याला मंडपाचं काम करत होता आणि त्याचं काम शिरसाटसाहेबांच्याच गल्लीत चालू होतं. वऱ्हाडात बातमीला एवढा रस्ता पुरतो.

संध्याकाळी अकोल्याहून दुसरा निरोप आला. "स्टेटस पाहिले. विल रिव्हर्ट."

जीवनरावांनी किसनरावांकडे न जाता घरीच, दार लावून, स्वतःच्या फोनवर अर्थ पाहिला. यंत्र म्हणालं, 'पूर्वस्थितीत परत जाईल'. पूर्वस्थिती म्हणजे काय ते त्यांना यंत्राशिवाय समजत होतं. पूर्वस्थिती म्हणजे माधवीचं लग्न न ठरलेलं असणं. ते खुर्चीवर बसले आणि बराच वेळ फॅनकडे बघत राहिले. ललिताबाईंना त्यांनी काही सांगितलं नाही, तरी त्यांना सगळं समजलं, कारण नवरा गप्प बसला आहे हे त्या घरात लपून राहण्यासारखं नव्हतं.

"आतालोक शेजाऱ्यापाजाऱ्याईले इचारलं," त्या म्हणाल्या. "आता एखाद्या इंग्रजीवाल्याले इचारा ना."

कॉलनीच्या टोकाला प्रा. महादेवराव धांडे राहत. ते कॉलेजात इंग्रजी शिकवून निवृत्त झाले होते आणि कोणीतरी काहीतरी विचारायला येईल म्हणून रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून बसत. सहसा कोणी येत नसे. जीवनराव दारात दिसताच त्यांनी आतल्या खोलीकडे बघून चहा सांगितला आणि दोन्ही निरोप चष्मा वर-खाली करून वाचले.

"दुसऱ्याची काळजी सोडा," धांडेसर म्हणाले. "रिव्हर्ट म्हणजे खरं तर परत मूळपदी जाणे. पण ऑफिसातली माणसं 'मागाहून कळवतो' या अर्थी ते वापरतात. चूक आहे, पण देशव्यापी चूक आहे. पहिला शब्द मात्र फार सुंदर आहे. तुम्ही समुद्र पाहिला आहे का?"

"शाळेच्या सहलीत," जीवनराव म्हणाले. "पोरं मोजन्यात येळ गेला. समुद्राकडं पाठच होती."

"हरकत नाही," असं म्हणून धांडेसर उठले आणि स्वयंपाकघरातून पाण्याने भरलेली परात घेऊन आले. पाठोपाठ त्यांच्या पत्नीचा आवाज आला, की ती कणकेची परात आहे. सरांनी तिकडे लक्ष दिलं नाही. त्यांनी वर्तमानपत्राच्या पानाची होडी केली, परातीत सोडली आणि टेबलफॅन तिच्या दिशेने वळवला.

"हे शिडाचं जहाज. वारा पाठीमागून आला, शीड फुगलं, जहाज सुटलं. खलाशी त्याला म्हणत, जहाज लार्ज चाललं आहे. आता वारा समोरून आला." त्यांनी फॅन उचलून दुसऱ्या बाजूला ठेवला. "तरीही चांगलं जहाज तिरपं तिरपं होत वाऱ्याच्या अंगानं पुढं जातं. ते बाय. जे जहाज पाठच्या वाऱ्यातही चालतं आणि समोरच्या वाऱ्यातही चालतं, ते बाय अँड लार्ज चांगलं. म्हणजे सगळं धरून, एकंदरीत चांगलं."

होडीने हे सगळं ऐकून घेतलं, एक गिरकी घेतली आणि परातीच्या मध्यावर बुडाली.

"कागद ओला झाला," धांडेसर म्हणाले. "पण तत्त्व लक्षात आलं ना?"

तत्त्व जीवनरावांच्या लक्षात आलं. लक्षात आलं नाही ते हे, की अमरावतीहून अकोल्याला मुलगी द्यायची तर वाटेत जहाज कुठून आलं. वाटेत बडनेरा येतं, मूर्तिजापूर येतं आणि पाणी म्हणाल तर प्यायलाही बेताचंच असतं. पण मास्तराने मास्तरासमोर असं बोलू नये, म्हणून त्यांनी एवढंच विचारलं, "याले दुसरा सोपा शब्द नाही काय?"

"पुष्कळ आहेत. जनरली. मोस्टली. फॉर द मोस्ट पार्ट. ऑन द होल."

"होल म्हंजे भोक असनच त्यात."

"ते होल वेगळं. हे होल म्हणजे संपूर्ण. मराठीत म्हणाल तर एकंदरीत, बहुतांशी, ढोबळमानाने. आपल्याकडे लोक म्हणतात ना, 'तसं पाहलं त बराच हाये', तेच."

इथे मात्र जीवनराव अस्वस्थ झाले. 'तसं पाहलं त बराच हाये' असं आपल्याकडे कोणाबद्दल म्हणतात ते त्यांना चांगलं ठाऊक होतं. जुन्या स्कूटरबद्दल म्हणतात. दारू सोडलेल्या चुलतभावाबद्दल म्हणतात. आणि गणिताच्या दृष्टीने पाहिलं तर एकूण एक शब्द शंभर टक्क्यांच्या आतला होता. बहुतांशी म्हणजे बहुत अंश, सर्व अंश नव्हे. मग राहिलेला अंश कुठला?

"म्हंजे थोडं नापसंत हाये," ते म्हणाले.

"शब्द तसा अर्थ सूचित करतो खरा," धांडेसर प्रामाणिकपणे म्हणाले. ते प्रामाणिक नसते तर बरं झालं असतं.

घरी येईपर्यंत जीवनरावांच्या डोक्यात त्या उरलेल्या अंशाने घर केलं. माधवीच्या हनुवटीच्या उजव्या बाजूला लहानपणी पडल्याची खूण होती. ती का? ती जरा खालच्या आवाजात बोलायची. तिचं वय? रंग? लॅबची नोकरी? बाप म्हणून त्यांना पोरीत एकही खोट दिसत नव्हती आणि आता दुसऱ्याच्या डोळ्यांनी तीच पोर बघायची वेळ आली होती. रागही आला. रागापेक्षा वाईट जास्त वाटलं. ती परत एकदा आईला विचारेल, "अकोल्याचं काही आलं काय?" आणि तिला सांगायचं काय, की आलं, पण तसं पाहलं त?

त्यांनी अकोल्याला जायचं ठरवलं. आशाबाईंचं मत होतं, की पोरीच्या बापाने असं आपण होऊन जाऊ नये, किंमत जाते. किसनरावांचं मत होतं, की जावं, पण संत्री घेऊन जावं. संत्री त्यांनीच दिली. पिशवी मात्र जुनी दिली. ती अकोल्याच्या बसस्टँडवर उतरताना तळातून फाटली आणि संत्री लोकांच्या पायांतून चारी दिशांना गेली. लोकांनी चांगुलपणाने वेचून दिली, काहींनी वेचून खाल्लीही. निम्मी संत्री शर्टाच्या ओच्यात घेऊन जीवनराव शिरसाटांच्या दारात उभे राहिले. एका वधूपित्याने याहून रुबाबदार दिसायला हरकत नव्हती.

"जयभीम सर! या, या," शिरसाटसाहेब उठून उभे राहिले. त्यांच्या पत्नी शकुनबाई पाटावर बसून मेथी निवडत होत्या. त्यांनी संत्र्यांसाठी परडी पुढे केली आणि पुन्हा मेथीला लागल्या.

जीवनरावांनी पाणी प्यायलं. लॉनच्या स्टेटसबद्दल माफी मागितली. मग घसा खाकरून म्हणाले, "साहेब, मी सरळ इचारतो. तुमी लिवलं, बाय अँड लार्ज पसंत. मंग पसंत नाही असं काय हाये?"

शिरसाटसाहेब बुचकळ्यात पडले. "म्हंजे?"

"म्हंजे बहुतांशी पसंत हाये, त उरलेला अंश कोनता? सांगा जी. मी बाप हावो, मले समजलं पायजे."

साहेबांच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पडला आणि त्यासोबत थोडी शरमही आली. "अहो सर, ते माह्या हाताचं वळन हाये," ते म्हणाले. "जिंदगीभर बंधारे तपासले मी. रिपोर्टात कधीच लिवलं नाही, की काम चांगलं हाये. चांगलं हाये लिवलं अन् उद्या एखादा दगड हालला, त साहेब इचारते, तुमी कसं काय चांगलं म्हनलं? म्हून सारं 'बाय अँड लार्ज समाधानकारक'. माह्या घराचं बांधकाम झालं तवा पोरानं इचारलं, बाबा घर कसं वाटते? मी म्हनलं, बाय अँड लार्ज. घरवाली चार दिवस बोलली नाही मले."

"पाच," शकुनबाई मेथीतून मान वर न करता म्हणाल्या.

"मले त्याचा अर्थही पुरा ठाऊक नाही, खरं सांगतो. आमचे मोठे साहेब लिवत, म्हून मी लिवो."

जीवनराव खुर्चीत सैल झाले. जहाज, परात, गवार, सोनेरी अक्षरं, सगळं डोळ्यांपुढून गेलं. त्यांना हसू आलं. इथंच त्यांनी उठायला हवं होतं. चहा घेऊन, नमस्कार करून, मूर्तिजापूरमार्गे घरी जायला हवं होतं. पण उत्तर पडताळून पाहिल्याशिवाय गणिताचा मास्तर वही मिटत नाही.

"म्हंजे पोरीत काही कमी नाही ना?" त्यांनी विचारलं. "नाही, असन त सांगा. काही त असनच."

साहेब "छे छे" म्हणत होते, तेवढ्यात शकुनबाईंनी मेथीची जुडी खाली ठेवली.

"पोरीत काही कमी नाही, भाऊ," त्या म्हणाल्या. "पोरगी मले दारातूनच आवडली. पन खरं सांगू काय? आमी तिले पाहलं. आयकलं नाही."

"म्हंजे?"

"मी तिले इचारलं, बाई, तुले अकोल्याले करमन काय? तुमी म्हनले, करमन ना जी, काहून नाही करमन. सुगतनं इचारलं, नोकरी करनार काय पुढं? तुमी म्हनले, तुमी म्हनसान तसं. मी इचारलं, भाजी तू केली काय? तुमी म्हनले, हो, सारं तिनंच केलं. मंग ललिताबाई म्हनल्या, की भाजी त्याईनं केली. त्या पोरीनं तीनदा तोंड उघडलं अन् तीनदा मिटलं." शकुनबाईंच्या बोलण्यात राग नव्हता, आणि म्हणूनच ते लागलं. "अंश कोनता म्हनत होते ना तुमी? तुमीच हाये, भाऊ, तो अंश. वाईट नोका वाटून घेऊ. पोरीच्या मनात काय हाये तेच आमाले समजलं नाही, त पुरी पसंत कशी म्हनू?"

शिरसाटसाहेब एक संत्रं सोलू लागले. ते सोलायची तेव्हा काही गरज नव्हती.

जीवनरावांचे कान गरम झाले. माधवीच्या हनुवटीपासून तिच्या नोकरीपर्यंत सगळ्या गोष्टींवर त्यांचा संशय घेऊन झाला होता, फक्त स्वतःवर घ्यायचा राहिला होता. असं नाही, मला फक्त मदत करायची होती, असं ते म्हणणार होते. तेही उत्तरच झालं असतं, म्हणून त्यांनी म्हटलं नाही. शकुनबाईंनी त्यांना जेवून जायला लावलं. मेथीची भाजी तेलाची होती आणि आठवडाभराच्या गवारीनंतर फार चांगली लागली, हे त्या अवस्थेतही त्यांना कबूल करावं लागलं.

पुढच्या रविवारी शिरसाट पुन्हा अमरावतीला आले. या खेपेला मुलगी पाहायला नाही, बोलायला. जीवनरावांनी घरी सगळं खरं सांगितलं होतं. ललिताबाई म्हणाल्या, "बाई हुशार हाये." माधवीला जहाजापासून सगळी हकीकत समजली तेव्हा ती तोंडावर ओढणी धरून हसत सुटली. "बाबा, मले इचारलं असतं त एका मिन्टात सांगतलं असतं," ती म्हणाली. "अन् गवार वाचली असती." मग हसू थांबल्यावर म्हणाली, "कुर्ता मी मुद्दाम एक नंबर मोठा घेतो. धुतल्यावर आटते."

बैठकीत सगळे बसले. जीवनरावांना ललिताबाईंनी कोपऱ्यातली खुर्ची दिली आणि हातात चिवड्याची बशी दिली. सुगतने माधवीला विचारलं, "नोकरीचं काय ठरवलं तुमी?" जीवनरावांनी चिवड्याचा बकाणा भरला.

"सोडनार नाही," माधवी म्हणाली. आवाज खालचाच होता, पण अडखळत नव्हता. "अकोल्याच्या दोन लॅबमध्ये मी इचारून ठेवलं. एका जागी येत्या महिन्यापासून या म्हन्तात."

हे जीवनरावांना ठाऊक नव्हतं. ललिताबाईंकडे पाहिलं तर त्यांनाही नव्हतं. पुढच्या घटकाभरात त्यांना स्वतःच्या मुलीबद्दल बऱ्याच गोष्टी समजल्या. तिला स्वयंपाक येतो, पण रोजचा आवडत नाही. तिला गाडी शिकायची आहे. सुगत तिला त्या पहिल्या रविवारीच आवडला होता, कारण बाबा बोलत असताना त्याने एकदाही मोबाइल पाहिला नव्हता. सुगतचे कान लाल झाले. जीवनरावांनी बशी पुन्हा भरून घेतली.

मग शकुनबाई पुढे सरकून बसल्या. "आता माहा जुना प्रश्न. खरं सांगजो बाई. अकोल्याले करमन काय तुले?"

जीवनरावांचं तोंड उघडलं. आत चिवडा होता म्हणून ते तसंच मिटलं. माधवीने हातातल्या रुमालाची घडी घातली.

"नाही करमनार, काकू," ती म्हणाली. "सुरवातीले त नाहीच. घरात बाबा नसन. कोनी काही इचारलं, त जबाब मलेच द्या लागन. मले त्याची सवय नाही. लहानपनापासून, मले कोनी रागावलं, कोनी वाकडं इचारलं, त माह्या आंधी बाबा बोललेले असत. मले कधी कधी राग ये. पन तिथं दारावर कोनी आलं अन् आतून बाबाचा आवाज नाही आला, त मले घर रिकामं वाटन. थोडे दिवस लागतीन. मंग करमन."

ललिताबाई पदर सारखा करू लागल्या. शकुनबाईंनी माधवीच्या पाठीवरून हात फिरवला आणि नवऱ्याकडे पाहून म्हणाल्या, "आता लिवा तुमचा रिपोर्ट."

"पसंत," शिरसाटसाहेब म्हणाले. मागेपुढे काही न जोडता एवढा एकच शब्द बोलायला त्यांना जरा जोर लावावा लागला. मग ते कोपऱ्यातल्या खुर्चीकडे वळले. "बोला सर, आता तुमचं काय म्हननं हाये?"

सगळ्यांनी जीवनरावांकडे पाहिलं. बशी रिकामी होती, तोंडही रिकामं होतं आणि हा प्रश्न या वेळी खरोखर त्यांनाच विचारलेला होता. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. ओठ हलले. आवाज काही फुटला नाही.

"बाबाचं हो हाये, काका," माधवी म्हणाली.